काचेला चिकटलेला फोटो

चिंताकी, ता. औराद
६ जानेवारी २०२५

चि. प्रियंकास,
अप्पांचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर मला ऐकू येत न्हाई, तू ओरडतीस, मग तुझी माय माझ्यावर ओरडती, म्हणून लिहायलोय.

तुझ्या अक्काचा, स्नेहलचा, तो एकच फोटो. तू जन्मायच्या आधी चार वर्षांची होऊन ती तापानं गेली; त्याच्या आदल्या उन्हाळ्यात हुमनाबादच्या स्टुडिओत काढलेला. ओलीनं तो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. ओढला तर चेहराच सुटून येईल. बुरशी गालापर्यंत आलीय. मोबाईलनं काढाय गेलो तर काचेत माझंच तोंड दिसतंय. म्हणून स्कॅनरवाला प्रिंटर आणला. तू ठेवून गेलेल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर छपाई व्हायलीय, पण स्कॅनर सापडलाच न्हाई म्हणतंय. प्रिंटर कशापायी आणला ते तुझ्या मायला अजून सांगितलं न्हाई. लवकर कळव.

तुझ्या मायेचा भुकेला,
अप्पा

कलबुर्गी
१३ जानेवारी २०२५

ती. अप्पांस,
सादर जयभीम. जन्मभर शाळेत खडू घासलात, आता लिनक्सशी भांडायलाव व्हय?

छपाईचं आणि स्कॅनचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. तुम्ही एकच बसवलंत. कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलखाली लिनक्सचा स्कॅनर ड्रायव्हर आहे. तो उतरवून बसवा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. मग स्कॅनरचं अ‍ॅप उघडा. लाकडी चौकट काढून फोटो काचेसकट पालथा ठेवा, वर काळं कापड टाका. एकच भीती आहे. असले स्कॅनर अगदी टेकलेलंच स्पष्ट बघतात, आणि मधे ती काच येणार.

लहानपणी मी आरशात माझं नाक अक्काच्या नाकाशी जुळवून बघायचे. आईला विचारलं की ती चुलीकडं वळायची. फोटो आला की एक मलाबी पाठवा.

आईला जपा. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.
तुमची,
प्रियंका

चिंताकी
२२ जानेवारी २०२५

चि. प्रियंकास,
जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. तू सांगितल्यावाणी केलं. दोनदा फसलं, मग यंत्राचा दिवा सरकाय लागला. माझी आरोळीच निघाली. ती ऐकून तुझी माय आली.

पडद्यावर फ्रॉकचा लाल रंग आला, हात आले. पण मधली काच आणि बुरशी, चेहरा सगळा धुक्यात. मोठा केला, तर धुकंच मोठं झालं. मी यंत्राला शिव्या द्यायलो. ती खुर्चीला धरून बघत राहिली आणि म्हणाली, कामून तळमळायलाव, मलाबी ती आता अशीच दिसायलीय. तोंड कवाच गेलं, कडेवरचं वजन तेवढं राहिलंय.

पोरी, मला वाटायचं, माझ्याकडून सुटलेलं सगळं तुझ्या मायपाशी, कोंडाबाईपाशी आहे. त्या भरवशावरच मी विसरत गेलो.

मग तिनं विचारलं, पोरीचा आवाज कसा होता हो. मी कॉम्प्युटर बंद केला आणि तुला लिहाय बसलो.

जमलं तर चार दिवस येऊन जा. वाट बघणारा,
अप्पा