ओट्यावर माणसं किती?

मु. निडी,
माघातली थंडी सरता सरता

चि. मालूबायस,

केरूदादाचे पोटभर आशीर्वाद. गुडघा काय म्हणतो? पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे अजून तूच रंगवतेस ना? पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू “जेवलास ना?” एवढं विचारून मोकळी होतेस, आणि माझी गोष्ट जरा लांबडी आहे. (शाळा चौथीत सुटली तरी पुढचं वाचून वाचून शिकलो, त्यामुळे कागद दिसला की आवरत नाही. तुझी वहिनी शकू म्हणायची, हा माणूस तोंडाने मुका नि हाताने बोलका.)

तर मागच्या दारचा आपला लाकडी ओटा गेला. जमीन तिथून वहाळाकडे उतरते म्हणून आबांनी खांब रोवून वर फळ्या ठोकल्या होत्या. त्या फळ्यांवर तू सागरगोटे खेळलीस, तुझ्या वहिनीने वाल सुकवले, आणि खालच्या अंगाने वाळवीने आमच्या नकळत जेवणं उरकली. मी सुपात वाल घेऊन गेलो आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली. ओढावा तर फळी चावते, न ओढावा तर मुंग्या चावतात. गाडी रोह्याकडे गेली तेव्हा अडकलो, ती माघारी गेली तरी तिथेच. हाका मारल्या, पण आपल्या आळीत हाक ऐकायला असतं कोण? निम्मे धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला, निम्मे टीव्हीसमोर. शेवटी शेजारच्या नमिताची म्हैस आली. तिने सांडलेले वाल खाल्ले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि शेजारीच बसली. खोटं कशाला सांगू, तिच्याशी मी बरंच बोललो. (शांतपणे ऐकून घेते, मधे तोडत नाही. तुझ्या वहिनीत हा गुण नव्हता. पण वहिनी उत्तर द्यायची.) म्हशीला शोधत नमिता आली, म्हणून मी सापडलो.

पुण्याला नितेशला हे त्याच संध्याकाळी कळलं. (नमिताच्या पोटात म्हशीच्या धारेएवढीसुद्धा गोष्ट राहत नाही.) त्याचं म्हणणं, बाबा, तो ओटा पाडा, मागचं दार बुजवून घ्या, तिथं बसतं कोण? मी म्हटलं, येतात माणसं. तो म्हणाला, कोण? मी म्हटलं, येतात रे. मग पोराला वाईट वाटलं असावं. त्याने सूनबाईकडून मोबाईलवर नव्या तऱ्हेच्या ओट्यांची चित्रं पाठवली. काचेचा कठडा, कधीच न कुजणाऱ्या कसल्याशा फळ्या, दोन खुर्च्या आणि एक कुंडी. माणूस एकाही चित्रात नाही. म्हटलं, असा ओटा तर माझ्याकडे होताच, फक्त कुंडी नव्हती.

मी कान्हू सुताराला बोलावलं. त्याने खांब हलवून पाहिले, तंबाखू मळली आणि विचारलं, “काका, बसनार किती मानसं? आधी मानसं सांगा, मग लाकूड सांगतो.” आता याचं उत्तर काय तोंडावर तयार असतं? मी सांगितलं, उद्या सांगतो, आणि रात्रभर माणसंच मोजत पडलो. फिरून फिरून तीच तीच येत होती.

सकाळी डोक्यात उजेड पडला. माणसं बसवल्याशिवाय माप कळायचं नाही, आणि माणसं नाहीत तर त्यांची जागा तरी बसवून पाहावी. अंगणात माळ्यावरचे पाट मांडले, कमी पडले तिथे गोणपाटाच्या घड्या. आपला माणूस बसला की नुसता बसत नाही, पुढ्यात पान लागतं, म्हणून प्रत्येकापुढे एकेक पत्रावळ. ती उडू नये म्हणून वर दगड. हा नितेश, ही सूनबाई सुरभी, हे तिचे आईवडील (लग्नानंतर फिरकले नाहीत, पण व्याह्यांची जागा धरलेली बरी), हा आळीतला दाजी, ही तू. सगळ्यांच्या भोवती ओट्याची हद्द आखायला खडू सापडेना, म्हणून शकूच्या डब्यातली रांगोळी घातली. मग लांब उभा राहून बघत होतो. इतकं भरलेलं अंगण बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

एवढ्यात नमिताने कुंपणावरून डोकावलं. पाट, पत्रावळी, भोवती रांगोळी. तिचा तरी काय दोष? तासाभरात आळी दारात. जेवायला जाताना आपापला तांब्या न्यायची रीत आपल्याकडे अजून आहे, त्यामुळे जो तो तांब्या घेऊन. नमिताचा नवरा आदेश शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आला. एका म्हातारीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की गोडाचं आहे की दिवसकार्याचं, म्हणजे तोंड तसं करायला बरं. दाजी (तुला लहानपणी वहाळात ढकलणारा तोच, आता त्यालाच धरून चालवावं लागतं) सरळ सुरभीच्या पाटावर जाऊन बसला.

“कसलं रं जेवान?” त्याने विचारलं.

मापं घेतोय म्हणायची लाज वाटली. म्हटलं, “नव्या ओट्याचं.”

“ओटा कुठं हाय?”

“व्हायचाय.”

“मग जेवानबी व्हायचंच असंल,” दाजी म्हणाला आणि मांडी घालून वाट बघत राहिला.

आलेल्या माणसाला उठवायचं कसं? परसात वाल उभा होता. पोरांनी शेंगा तोडल्या, बायकांनी मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पाला आणला, कोणी अंडी, कोणी बटाटे, आणि भरलं मडकं उपडं घालून पेंढ्याचा जाळ केला. थंडीच्या रात्रीची पोपटी भर दुपारी लावणारा अख्ख्या तालुक्यात मीच असेन. पण खाल्ली, मालू, बोटं चाटून खाल्ली. दगड बाजूला झाले, रांगोळी पायाखाली गेली, माणसं मापात बसेनातच. एकाच्या पाटावर दोघं, आणि हसणं वहाळापलीकडे. तुझा पाट तेवढा रिकामा. नमिताने विचारलं, “हितं कोन हाय?” मी म्हटलं, मालू. ती म्हणाली, “मग वरचा दगड तरी काढा, का आत्या दगड खानार?” आणि तुझ्या पानावर शेंगा वाढल्या.

सगळे गेल्यावर कान्हू मागे राहिला. मी ऐटीत म्हटलं, बघितलीस ना माणसं? धर एवढीच. त्याने शेंग सोलता सोलता मान हलवली. “ही वर्साची झाली, काका. रोजची किती?”

मालू, या माणसाला लाकूड सोडून बाकी काही कळत नाही असं मी समजत होतो. मी म्हटलं, विचारून सांगतो. मग पाट पुसून वर ठेवायला अंधार झाला. तुझ्या पानावरच्या शेंगा म्हशीला घातल्या नाहीत, मीच खाल्ल्या.

शकू गेल्यावर तू म्हणालीस, वहिनी नाही ते माहेर कसलं. तेव्हा मला ते पटलं होतं. पण मधून मधून वाटतं, ज्या घरात भाऊ आहे आणि बहीण येत नाही, त्याला तरी काय म्हणायचं?

असो. पायाची खपली सुकली. तब्येतीला जप, थंड पाण्यात ब्रश धूत बसू नकोस. वडीलकीचा हात तुझ्या डोक्यावर आहेच, फक्त पेणपर्यंत पोचत नाही.

तुझा,
केरूदादा

ता. क. आदेश पेणला येतोय, त्याच्या हाती सोललेले वाल पाठवतो. बिरड्याला नारळ घाल, हात आखडू नकोस.

ता. क. दुसरा. वर ‘विचारून सांगतो’ लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. मी कान्हूला दोन माणसं सांगितली. ओटा पावसाच्या आत व्हायला हवा म्हणून त्याने फळ्या कापूनसुद्धा झाल्या, आता एकाचा करता येत नाही.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. नितेशने परवा पुन्हा विचारलं, बाबा, तिथं बसतं कोण? माझ्या तोंडून निघून गेलं की तुझी आत्या कायमची राहायला येतेय. तो खूश झाला. या आठवड्यात तुला फोन करील. तेव्हा त्याला ‘हो’ म्हण. तुला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याचा फोन यायच्या आधी ये.