पट्टा पडायच्या आत

१८ जानेवारी, रविवार
शबानाने ओढून माजलगावला सिनेमाला नेलं. आम्ही एका खोलीत राहतो. ती साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरला, मी लॅबमध्ये. तिचं म्हणणं, "ऊस संपत आलाय, धरण तळाला गेलंय. यंदा पट्टा लवकर पडतोय. गाळप बंद झालं की तू कुठं, मी कुठं. चल गं."

सिनेमात ताटातूट झालेली दोघं पंधरा वर्षांनी स्टेशनवर भेटतात. गर्दीत तो तिला पाठमोरी ओळखतो. पटलं नाही. पाठीवरून माणूस ओळखता येत नाही. शेवटी धो धो पाऊस, थेटरात शिट्ट्या. शिट्ट्या पावसालाच असाव्यात.

श. ढसाढसा रडली. मला म्हणाली, "तुझ्या डोळ्याला पानी कावून न्हाई गं?"
"टँकर आला नाही."
ती रडता रडता हसली.

१९ जाने., सोमवार
सिनेमा डोक्यातून जात नाही. सिनेमा नाही खरं तर. सुदाम.

बी.एस्सी.ला बीडमध्ये प्रॅक्टिकलला आम्ही जोडीदार. तो ब्युरेट सोडायचा, मी रंग बघायचे. "थांब" म्हटलं की त्याच थेंबाला थांबायचा. त्याच्या ॲप्रनच्या खिशात शेंगदाणे. सरांची पाठ वळली की एक माझ्या टेबलावर. मी खायचे, बघायचे नाही.

त्याचं गाव शिरूर कासारकडे. दिवाळी झाली की गाव रिकामं, सगळे ऊसतोडीला. दुसऱ्या वर्षी त्याच्या आईची कंबर गेली. टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून एक. त्याचा बाप एकटा पडला. सु. प्रॅक्टिकल संपल्यावर म्हणाला, "घरी माझ्या लग्नाचं चाललंय. जोडी झाली तर टोळीत घेतेत."
मी म्हटलं, "बरं."
तो जरा वेळ उभा राहिला. मग ब्युरेट धुतली, स्टँडला उलटी लावली आणि गेला. परत कॉलेजात आला नाही.
सिनेमात निरोपाला तीन गाणी होती.

२२ जाने., गुरुवार
यार्डात नमुने. ऊस बोटाएवढा. पाण्याविना ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेलं सगळं, चढलेला; त्यातल्या साखरेची शुद्धता पडलेली. नुसता आकडा बघणाऱ्याला वाटेल, काय गोड ऊस!

रांगेत चौथा ट्रॅक्टर. ड्रायव्हर खाली उतरून टायरला लाथ मारून हवा बघत होता, माझ्याकडे पाठ. ओळखलं. पाठीवरून. नोंद असावी.

वळला. आजूबाजूला टोळीची माणसं. "मॅडम, ह्या गाडीचा नमुना घ्यायचाय का?"
"घ्यायचाय. गाडी पुढं घ्या."
"घेतो."
मला मॅडम, त्याला घ्या. रीडिंग दोनदा घ्यावं लागलं.

२३ जाने., शुक्रवार
पप्पांचा फोन. येत्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी बीडला पाहुणे येणार. मुलगा संभाजीनगरला इंजिनिअर. "शांत आहे, आपल्यातला आहे. वाचतो. एकदा बघ तर." मग घसा साफ करून, "कुणी मनात असेल तर आत्ताच सांग, बाळ."
"नाही."
म्हणजे सु.चं लग्न झालेलं असणारच. मग उत्तर बरोबर. तपासलेलं मात्र नाही.

२५ जाने., रविवार
दुपारी लॅबच्या खिडकीशी सु. रिकामी बाटली पुढे. "मॅडम, पाणी भेटंल का?"
भरून दिली. आत मी एकटीच. विचारलं, "तुमचा कोयता कोणत्या टोळीत?"
"कोयता न्हाई घेतला. लायसन काढलं. म्हाताऱ्यालाबी तोडीवरनं सोडवलं, शेरडं राखतो आता." बाटलीचं झाकण लावत राहिला. "ड्रायव्हरला जोडी लागत न्हाई."
ट्रॅक्टर नावाच्या वस्तूचा मला आजवर एवढा आदर कधी वाटला नव्हता.
पाणी प्यायला. "लई जड हाय की पाणी."
"बोअरचं आहे. क्षार जास्त."
"तू अजून तशीच हाय." तू म्हणाला, आणि लगेच मागे बघितलं कुणी ऐकलं का.

श.ला सांगितलं. "तुझा हिरो सिनेमातल्यापेक्षा काळा हाय," म्हणाली. मग, "आणि तुमच्यातला न्हाई."
माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. कॉलेजात या विषयावर आम्ही कधी बोललो नाही, म्हणून तेव्हा तो विषय नाही असं वाटायचं. पप्पा विहारात भाषण देताना जात मोडण्यावर फार छान बोलतात. घरात काय बोलतील...

२८ जाने., बुधवार
पट्टा पडला.

दुपारी शेवटची गाडी आली. ट्रॉलीला ऊस बांधून कमानी, गुलाल, हलगी, बायका फुगड्या घालत होत्या. सगळ्यांना घरी जायचं होतं. घरी पाणी नाही हे आज कुणी काढलं नाही. गाडी सु.ची. शेवटचा नमुना घ्यायला मी गेले. गरज नव्हती, शिपाई गेला असता.

हलगीच्या आवाजात जवळ येऊन बोलावं लागलं.
"आता कुठं?"
"टोळीला गावी सोडतो. मग पाण्याच्या टँकरवर. पावसाळ्यापर्यंत काम हाय." मग, "बीडला येणं होतं का तुझं?"
"कधी कधी."
तो जरा वेळ उभा राहिला. अगदी तसाच. हातात ब्युरेट नव्हती एवढंच.
मी म्हटलं, "रविवारी आहे बीडला. सकाळी. कॉलेजच्या गेटवर."
"टँकरची पाळी आली तर?"
"तर वाट बघेन."
हे मी बोलले. श. साक्षीला आहे, काट्याच्या खिडकीतून सगळं बघत होती.

संध्याकाळी पप्पांना फोन. म्हटलं, रविवारी पाहुणे नकोत.
"का गं?"
"घरी आले की सांगते."
टीव्हीचा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला. "कुणी आहे?"
"बहुतेक."
"बहुतेक?" म्हणाले. "तू कधीपासून बहुतेक म्हणायला लागलीस?" रागात होते की नाही, कळलं नाही. फोन त्यांनी ठेवला.

खोलीवर आल्यावर दिसलं, ॲप्रनच्या खिशाला गुलाल लागलाय आणि आत दोन शेंगदाणे. कधी टाकले, कळलं नाही. श. म्हणते, भिजत घाल, डाग बसेल.
पाणी शुक्रवारी येणार. तोवर राहू दे.