ओ निगेटिव्ह : शून्य

४ नोव्हेंबर, मंगळवार

रक्तपेढीच्या मुख्य मशीनची, म्हणजे साठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरची, प्रत तयार केली. काउंटरवर दोन नव्या मुली येणार, त्यांना सरावासाठी. खऱ्या साठ्यावर सराव नको. प्रत २५ ऑक्टोबरच्या बॅकअपवरून. नाव तेच, जाळ्यातला पत्ताही तोच. दोन्ही मशीन एकमेकींना दिसू नयेत म्हणून प्रतीला वेगळा व्हर्च्युअल स्विच दिला. प्रायव्हेट.

आधी कुंदाताई सराव करतील, मग मुलींना शिकवतील. काउंटरवर एकोणीस वर्षं. निवृत्तीला तीन बाकी.

"भाऊ, हे स्विच हाय तरी कुठं?"
"कुठेच नाही. पडद्यावरच."
"अन् वायर?"
"तीही नाही."
"बाप्पा! नसलेल्या मशीनले नसलेली वायर जोडून राहिले. पगार मात्र खरा घेता."

सांगितलं, बिनदाराची खोली समजा. आत काहीही करा, बाहेर जात नाही.

"माह्या सासूले दाखवा ते खोली."

दुपारी संस्थेच्या सचिवांनी बोळातला फळा उतरवून घेतला. आठ रक्तगटांची आठ घरं. रोज सकाळी कुंदाताई फ्रिज पाहून खडूने आकडे लिहीत. सचिव म्हणाले, आता पडद्यावर पाहायचं, आत विचारायला जायचं नाही. भिंतीवर फळ्याएवढा पांढरा चौकोन उरला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कुंदाताई बारा वाजता माझ्या खोलीत. सरावासाठी रक्तदाते हवेत, म्हणून सगळं सासर भरलं.

"जाऊबाईची घेतली एक पिशवी. एरवी ते कोणाले पाणी देत नाई."

मग लेबल छापून पाहायचं होतं. प्रिंटर काउंटरवर, खऱ्या जाळ्यात. प्रतीला तो दिसणार नाही. "लेबलच नाई निघालं तं पोरी शिकतीन काय?" बरोबर होतं. प्रतीचा स्विच बदलून एक्स्टर्नल केला, म्हणजे खऱ्या जाळ्याला जोडला. दहा मिनिटांसाठी. लेबल निघालं. जाऊबाईचं नाव, तारीख, वेळ १२.३८. कुंदाताईंनी ते आपल्या डब्याच्या झाकणावर चिकटवलं. "आता डबा चोरीले जात नाई. रक्त हाय म्हणतीन."

चहा आला. मग यूपीएस ओरडू लागला, तिकडे गेलो.

साडेचारला आठवलं. स्विच परत प्रायव्हेट केला. कुणाला काही कळलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला काउंटरवर एक माणूस. इतवारीच्या बाजारात हातगाडी ओढतो. काल दुपारी बायकोसाठी ओ निगेटिव्ह मागायला आला होता. बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं. नाही म्हटल्यावर तो दुसरीकडे गेला, तिथून तिसरीकडे. रक्त मिळेपर्यंत तीन तास.

"मॅडम, तो रक्ताचा कालचा कागद वापस द्या जी. दवाखान्यावाले मागून राहिले."
"कशी हाय ताई?"
"गेली."

कुंदाताई फाइलमध्ये कागद शोधत राहिल्या. तो समोरच होता.

तेवढ्यात आतून टेक्निशियन वानखेडे, मोठ्याने: "काल ओ निगेटिव्ह नाही असं कोणी सांगितलं? फ्रिजमध्ये तीन पिशव्या आहेत. बुधवारपासून."

माणूस म्हणाला, "तीन?"

एवढंच. कागदाची घडी केली, खिशात ठेवली. गेला नाही. बाकावर बसून राहिला, साडेअकरापर्यंत.

काल काय झालं असेल, ते मला अकरालाच कळलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

प्रत उघडली. साठा कुणी पाहिला, किती वाजता, काय दिसलं, याची ओळ मशीन आपोआप लिहिते.

६ नोव्हेंबर, २.५२. कुंदा. ओ निगेटिव्ह. शून्य.

खऱ्या मशीनमध्ये ही ओळ नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं. एका जाळ्यात एकाच पत्त्याच्या दोन मशीन. काउंटरने हाक मारली, उत्तर प्रतीने दिलं. २५ ऑक्टोबरचं उत्तर. त्या दिवशी खरोखरच शून्य होतं.

रक्तपेढीच्या डॉक्टरांना आडून विचारलं. वेळेवर मिळालं असतं तर?

"सांगता येत नाही. पण तीन तास फार असतात."

प्रत पुसायला दोन क्लिक लागतात. नंतर एक प्रश्न येतो, नक्की का. तिथवर गेलो. ‘नाही’ दाबलं नाही. ‘हो’सुद्धा नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

नातेवाइकांची लेखी तक्रार. सचिवांच्या खोलीत बोलावणं. कुंदाताई, वानखेडे, मी. मी उभा होतो; खुर्च्या दोनच. सचिवांनी मला विचारलं,

"सिस्टिम बरोबर होती ना?"

"होती."

दीड सेकंद लागला असेल. काल दिवसभर जे वाक्य मनात जुळवलं होतं, त्यात हा शब्द नव्हता.

कुंदाताईंना मेमो. सेवा समाप्त का करू नये, पाच दिवसांत लेखी खुलासा द्यावा. बाहेर आल्यावर त्यांनी पदराने चष्मा पुसला. घालून माझ्याकडे पाहिलं, परत काढून पुसला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कुंदाताई रजेवर. डोळे तपासायला.

माझ्या बाजूने मुद्दे लिहून पाहिले. एक: लेबल छापायला त्यांनीच सांगितलं. दोन: यूपीएस. तीन: फळा मी काढला नाही. तिन्ही खरे. वाचून पान फाडलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

"जय भीम, भाऊ." रोजच्यासारखं, दारातूनच. मग आत आल्या. डोळ्यांचा नंबर वाढलेला नाही.

"डॉक्टर म्हणते, नजर चांगली हाय. आता काय करू? नजर खराब निघाली असती तं बरं झालं असतं."

खुर्चीत बसल्या. प्रत त्यांच्यासमोरच्या पडद्यामागे, चालू.

"मले शून्य दिसलं, भाऊ. ह्या डोयानं पाह्यलं. पण पिशव्या तं तीन होत्या. मंग मी पाह्यलं काय?"

मी म्हणालो, पाणी घ्या.

"घरचे म्हणते, तू थकून राहिली. असन. पोराच्या लग्नाचं डोक्यात होतं त्या दिवशी. कोणाचं काय न् कोणाचं काय."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कुंदाताईंनी खुलासा लिहून आणला. वहीचा कागद, दोन्ही बाजूंनी. मी एम. ए. मराठी, सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

"तुमचं मराठी चांगलं हाय. जरा नीट करून द्या. साहेबाले वाचताना लाज नाई वाटली पाहिजे."

पहिल्या बाजूला: दि. ६ रोजी दुपारी मी पडद्यावर ओ निगेटिव्ह शून्य पाहिले व तसे नातेवाइकास सांगितले.

याला हात लावण्यासारखं काही नाही. इतकं नीट वाक्य मी वर्षभरात लिहिलेलं नाही.

खाली खोडून, वेगळ्या शाईत: नजरचुकीने तीनऐवजी शून्य वाचले. हे सचिवांनी सांगितलेलं. असं लिहिलंत तर पाहता येईल, म्हणाले.

"कोणतं ठेवू?"

"तुम्हाला कोणतं खरं वाटतं?"

"मले आता काहीच वाटत नाई. तुमी सांगा. तुमाले मशीनचं समजते."

कागद ठेवून घेतला. शनिवारी चारपर्यंत द्यायचा आहे. मुद्रितशोधन केलं. विरामचिन्हं घातली. दोन्ही वाक्यं तशीच ठेवली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तो हातगाडीवाला आजही आला होता. बाकावर बसला. काही मागितलं नाही. कुंदाताईंनी काउंटर सोडून त्याला पाणी नेऊन दिलं. त्याने घेतलं.  वानखेडे म्हणाला, "काहून रोज येते हा? पैसे पाहिजे असतीन." कुंदाताई वानखेडेवर ओरडल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, असं सगळे म्हणतात.

बाळाचं विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी कुंदाताईंनी स्टोअरमधून फळा काढून परत टांगला. कुणाला न विचारता. आत जाऊन पिशव्या मोजल्या. ओ निगेटिव्हच्या घरात तीन लिहिलं. त्याच तीन पिशव्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी साडेतीन. खुलासा टाइप करून पडद्यावर आहे. एका जागी रिकामी ओळ सोडली आहे. दोन वाक्यांपैकी एक तिथे बसेल.

कुंदाताई डबा घेऊन माझ्या खोलीत जेवायला आल्या. काउंटरवर त्यांच्याशी कुणी बोलत नाही. अर्धी भाकर मला दिली. झाकण टेबलावर उलटं ठेवलं होतं, सुलटं केलं.

लेबल अजून आहे. कडा झिजल्या, मधलं वाचता येतं. जाऊबाईचं नाव. ६ नोव्हेंबर. १२.३८.

"घासणीनं घासलं, राखेनं घासलं. निघतच नाई."

मग घास तसाच हातात. लेबलाकडे पाहत राहिल्या. मी त्यांच्याकडे.

"भाऊ, तुमी त्या दिवशी म्हणले होते, खोलीले दार नाई. आतलं बाहेर जात नाई."

"हो."

"मंग हे बाहेरच्या प्रिंटरवर कसं निघालं?"

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली. कुणीतरी कागद घेऊन उभं होतं. त्या हात धुऊन गेल्या. डबा इथेच राहिला. दारातून म्हणाल्या, "आली मी. सांगा मंग."

पावणेचार. प्रत चालू आहे, २.५२ ची ती ओळ तिच्यात आहे. सचिवांच्या खोलीचं दार इथून दिसतं, उघडं. समोर झाकण, पालथं न घालता तसंच ठेवलं आहे. बोळातून चपलांचा आवाज येतो आहे. त्यांच्याच असाव्यात.