एकूण एक लिंक उघडणारा वाचक

आके,

अस्तानाची गाडी पकडायची आहे, म्हणून तुम्हाला न उठवता निघाले. रविवारी येईन. सूप फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या.

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्या वेचून त्यांच्या लिंक मी रोज लोकांना ईमेलने पाठवते. "हे असलं वाचतं तरी कोण?" असं तुम्हीच हसून म्हणाला होतात. काल वाचकांची यादी पाहिली. दोन वर्षांत एकूण एक लिंक उघडणारा माणूस एकच निघाला, आणि तो ईमेल पत्ता तुमचा आहे.

आई गेल्यापासून आपण बापलेक जेवताना मीठ मागण्यापुरतंच बोलतो, आके. आजची पहिली बातमी हिमबिबट्यांची आहे, तुमच्यासाठी निवडलेली. वाचलीत की फोन करा. आवडली नाही तरी करा. गाडीत मी एकटीच असेन.

झान्साया