रावजी बोटीत बसले

पेण,
३ फेब्रुवारी २०२५

ती. गोदूआत्यास,
दिनानाथचा शि. सा. न.

तू फोन उचलत नाहीस, काय ते लिहून कळव म्हणतेस, म्हणून हा कागद. वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या लेखनवर्गामुळे तुला भलतीच शिंगं फुटलीत. लिहिल्याने म्हातारपणी स्मरण ताजं राहतं, असं तुमच्या मॅडम सांगतात म्हणे. मग स्वतःच्या नवऱ्याला कशी विसरलीस?

तुझी गोष्ट वाचली. मी शाळा नववीत सोडून ट्रकांच्या धंद्यात शिरलो, पण वाचतो ते तपासून. गोष्टीत आतोबा आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला जातात, वर कठड्याला टेकून गातात. आतोबा! बोटीचा भोंगा ऐकून ज्यांना घाम फुटायचा, समोर दिसणाऱ्या दिघीला जे म्हसळ्यावरून वळसा घालून एसटीने जायचे, ते! महिनाअखेरच्या कार्यक्रमात हे वाचलंस तर अख्खी जेट्टी हसेल. चूक सुधार, नाहीतर वाचू नकोस.

चुका काढल्या म्हणून लोभ आटू देऊ नये.

तुझा,
दिनानाथ


आगरदांडा,
८ फेब्रुवारी

चि. दिनानाथास,
गोदूआत्याचे अ. उ. आ.

फुकटचा तपासणीस मिळाला म्हणून वर्ग खूश हाय. आधी तुझ्या ट्रकांचे दिवे तपास.

बाबा, ती चूक न्हाय. जन्मभर विनवलं, एकदा तरी माझ्यासोबत बोटीत बसा. उत्तर ठरलेलं, तू हो पुढे, मी येतो मागून. मग मी दिघीच्या जेट्टीवर उन्हात त्यांची एसटी येईपर्यंत उभी. एकदाच माझ्यापुढे गेले, तेही न सांगता.

त्यानंतर वर्षभर मी गप्प होते. तुम्ही सगळे म्हणालात, देवाचं नाव घे. मॅडम म्हणाल्या, त्यांचं लिहा. उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं नाव पहिल्याच ओळीत लिहिलं, रावजी, आणि उचलून बोटीत बसवलं. आता कुठे पळतील?

जेट्टी हसली तर हसू दे. पण तू समोर नसलास तर माझा आवाज फुटायचा न्हाय.

लोभ असेलच; नसला तर तसं लिहून कळव.

तुझी आत्या


पेण,
१३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

येतोय. पुढची खुर्ची धरून ठेव.

एक चूक मात्र मी खपवून घेणार नाही. आतोबा कठड्याशी उभे राहणार नाहीत, गाणार तर नाहीतच. त्यांना मधोमध बसव. डोळे घट्ट मिटलेले, एका हाताने खांब धरलेला.

दुसरा हात तुझ्या हातात.

तुझा तपासणीस,
दिनानाथ