पाठ असलेलं प्रकरण

३ फेब्रुवारी, सोमवार

तीन खोके आले. खोका केवढा, आत पुठ्ठा केवढा, आणि पुठ्ठ्याच्या पोटात काय — तर शेंगदाण्याएवढे दोन इअरफोन! निम्मी किंमत त्या खोक्याचीच असणार. एक जोडी काळी, एक निळी, एक चंदेरी. नावं इंग्रजीत लांबलचक आहेत. मी रंगानेच हाका मारणार.

वाचनालयातले जुने इअरफोन पार मोडले. आमचं वाचनालय ऐकण्याचं — साठ सभासद, कुणाला अंधुक दिसतं, कुणाला काहीच नाही. आम्ही सात-आठ जणी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, ते ऐकतात. आता नव्या साठ जोड्या घ्यायच्या, त्याही स्वस्तातल्या. वाचनालयाचे साहेब म्हणाले, "मावशी, शिलाईमशीनची मोटर तुम्ही स्वतः उघडता, तुटलेली तार डाग देऊन जोडता. निवडा तुम्हीच."

सातवीतून शाळा सुटलेल्या बाईला हे कुणी सांगावं! मनातून सुखावले, तोंडावर दाखवलं नाही.

आधी बांधणी. झंपर बगलेत उसवतो आणि इअरफोन मानेशी — वायर जिथे पिनेत शिरते तिथे. प्रत्येक जोडी खुंटीला टांगून खाली एकेक मोठी कात्री बांधली. उद्यापर्यंत लोंबकळू दे मेल्यांना!

४ फेब्रुवारी, मंगळवार

निळ्याची मान गेली. वायर कसली, कच्चा दोरा! काळा आणि चंदेरी टिकले. मग दोघांच्या माना दोनशे वेळा इकडून तिकडे वाकवल्या. हे पलंगावरून बघत होते. काहीतरी म्हणाले. "मोडशील," असं. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, दुसऱ्याच्या हातात हत्यार बघवत नाही अजून.

निळ्याला डाग देऊन जोडला आणि आवाज ऐकायला बसले. ऐकायला माझंच प्रकरण घेतलं — मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकातलं पहिलं. ते मी पंख्याच्या घरघरीपायी अकरा वेळा रेकॉर्ड केलंय. कुठे श्वास घेतला, कुठे आवंढा गिळला, सगळं ठाऊक. ह्याहून चोख परीक्षा कोणती?

निळा — पत्र्यावर वाळू टाकल्यासारखा. माझा आवाज कुण्या भांडकुदळ बाईचा वाटला! काळा — बरा. चंदेरी — अहाहा. ऊबदार, भरदार. कानात बसतोही असा, की मापाने शिवलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

तळपायाची आग मस्तकात गेली!

काळा फोडून पाहिला. हाताला छान जड लागायचा, म्हणून मला वाटलेलं माल दणकट. आत काय निघावं? लोखंडाची चकती! आवाजाशी तिचा काडीचा संबंध नाही. नुसती डिंकाने चिकटवलेली, वजन वाढावं म्हणून. कोटाच्या अस्तरात खडे शिवायचे आणि कापड भारी आहे म्हणून विकायचं — त्यातली गत. ज्यांना दिसत नाही ती माणसं वस्तू हातानेच जोखतात. त्यांच्या हाताला फसवायचं? तो विक्रेता समोर असता तर ती चकती त्याच्याच कानात घातली असती.

तेवढ्यात लेकीचा फोन. तापल्या तेलात पाणी!

"आई, काल बाबा माझ्याशी दहा मिनिटं बोलले. मला एक अक्षर कळलं नाही."

"कान देऊन ऐकावं लागतं."

"अगं, झटका येऊन सहा आठवडे झाले. डॉक्टर काय म्हणाले? जे सुधारायचं ते पहिल्या तीन-चार महिन्यांत. बोलणं शिकवणाऱ्या त्या बाईंना मी दोनदा विचारून ठेवलंय. तू नेत का नाहीस?"

"मला त्यांचं सगळं कळतं. अडलंय कुठे?"

"तुला कळतं गं—"

ठेवून दिला फोन. ज्या माणसापुढे मोठमोठे बंगलेवाले नकाशे घेऊन बसायचे, त्याला मी एका पोरीपुढे बसवून आ-ई-ऊ करायला लावू? हात उजवा गेला, डाव्याने लिहायला जमेना तर पेन भिरकावलं त्यांनी. तेवढा पाणउतारा पुरे नाही झाला का? मी जिवंत आहे तोवर ह्यांना कुणासमोर तोंड वेडंवाकडं करावं लागणार नाही.

दिवे लावले तसा ह्यांचा नेमाचा प्रश्न आला — मागचं दार लावलं का. त्रेचाळीस वर्षं हाच. जीभ जड झाली, पण दार काही सुटत नाही! "लावलं हो," म्हटलं. भिंतीकडे तोंड करून पडले. दमले असतील.

६ फेब्रुवारी

लेकीचे दोन फोन. उचलले नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

मालिशवाले आले होते. ह्यांचा हात चोळायला आठवड्यातून दोनदा येतात. वाचनालयाचेच सभासद, जन्मापासून दिसत नाही. बोलायला मात्र दहा माणसांना भारी.

"काका, माझा हात तुमच्या हाताशी बोलतोय. तो ऐकतोय बरं का, नुसतं उत्तर देत नाहीये. लग्नाला किती वर्षं झाली?"

हे हसले. मग बरंच काही बोलले, मध्ये थांबून पुन्हा बोलले.

"काकू, काय म्हणाले?"

"जरा हळू चोळा म्हणतात."

मालिशवाल्यांचा हात थांबला. "एवढं लांब बोलले हो. अर्थ एवढुसाच?"

"तुमचे पण कान गेले का आता?" मी फणकारले. "सगळं जग एकदम बहिरं झालंय! घरातल्या माणसाकडे लक्ष द्यायची सवय असली की कळतं बरोबर."

ते पुन्हा हात चोळू लागले. ह्यांनी डोळे मिटले.

मागाहून वाईट वाटलं. त्यांना चहा दोन कप दिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयात बैठक. बैठक म्हणजे साहेब, मी आणि टेबल. माणूस सज्जन आहे, पण मत सांगताना भिंतीवरच्या घड्याळाशी बोलल्यासारखं सांगतो.

"मला आपलं वाटतं, निळा घ्यावा. दोघा सभासदांना ऐकवला, ते म्हणाले शब्द स्वच्छ येतात."

"शब्द स्वच्छ आणि मान कच्ची! महिन्याभरात साठच्या साठ उसवतील. मग शिवत बसू?"

"वायर जरा जपून वापरायला सांगू—"

"दिसत नाही त्या माणसाला जपून वापरायला सांगणार! दाराच्या कडीत अडकणार, खुर्चीखाली येणार. आणि आवाज? माणूस बोलतोय की पत्रा कापतोय? साहेब, मी रात्रभर कात्री टांगली आहे. तुम्ही काय टांगलंत?"

 चंदेरी पास. परत येताना पाय जमिनीवर नव्हते. साठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं मत मागितलं आणि ते मानलं. ह्यांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. "शाबास," म्हणाले.

१७ फेब्रुवारी

साठ जोड्या आल्या. वाटल्या. एकेकाच्या हातात स्वतः दिली, कानात कशी बसवायची ते दाखवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा जणांनी परत केल्या. अकरा!

म्हणे शब्द कळत नाहीत. म्हणे कुणीतरी माठात तोंड घालून बोलतंय. एक आजी तर म्हणाल्या, "मला वाटलं मीच बहिरी झाले, म्हणून दोन दिवस रडले." साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "मावशी, आता काय करायचं?" निळ्याचं नाव काढलं नाही त्यांनी. काढलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं!

मला नक्की माहीत आहे काय झालंय. नमुना एक दाखवला, माल दुसरा पाठवला. काळ्यात चकती घालणाऱ्यांचेच भाऊबंद हे! सोमवारी फोडते पाच जोड्या. साहेबांच्या टेबलावर, साहेबांच्या समोर. मग त्या विक्रेत्याला फोन लावायचा आणि फोनमधून त्याचा कान उपटायचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाच फोडल्या. नमुनाही फोडला. शेजारी शेजारी मांडून भिंगाने बघितलं. तोच आवाजाचा पातळ पडदा, तीच जाळी, तारेला तोच डाग. केसाचा फरक नाही.

मग? मी इतकी तापलेले की साहेब पाणी आणायच्या निमित्ताने पळाले. मी बाकावर बसलेल्या मालिशवाल्यांना म्हटलं, "माणसांना फुकट मिळालं की किंमत नसते. मन लावून ऐकायला नको, नुसती नाकं मुरडायची!"

ते म्हणाले, "काकू, भांडू नंतर. आधी हे ऐका." आणि एक चंदेरी जोडी पुढे केली.

"हजारदा ऐकलंय."

"हे नाही ऐकलेलं. नव्या वाचणाऱ्या बाईंनी केलंय. समुद्रातल्या दीपगृहांचं काहीतरी आहे."

कानात घातली. बाईंचा आवाज ऊबदार, भरदार. आणि शब्द? गोधडीखालून कुणी बोलावं तसे. हं-हं-हं असं काहीतरी वाहत होतं. दीपगृह तेवढं लागलं, तेही आधी सांगितलं होतं म्हणून. मागे घेतलं, पुन्हा ऐकलं. नाही. तेच प्रकरण निळ्यात लावलं — पत्रा, वाळू, सगळं खरं, पण शब्द न् शब्द सुटा! मग चंदेरीत माझ्या मधमाश्या लावल्या. स्वच्छ! आरशासारख्या स्वच्छ!

तीनदा उलटसुलट केलं. मालिशवाल्यांनी हात पुढे करून जोडी परत घेतली.

"तुमचं प्रकरण तुम्हाला पाठ आहे काकू," ते म्हणाले. "कानाने अर्धवट आणून दिलं की बाकीचं तुम्ही भरून घेता. आम्ही कुठून भरणार?"

मूर्ख! मूर्ख बाई! कात्री टांगली, माना मोजून वाकवल्या, भिंग घेतलं, दुसऱ्याच्या लबाडीवर आग पाखडली — आणि परीक्षेला स्वतःचंच पाठांतर घेऊन बसले. त्या आजी दोन दिवस रडल्या. माझ्यामुळे. साहेबांनी दोन माणसांना विचारलं होतं, ज्यांनी ऐकायचं त्यांना. मी साठातल्या एकालाही विचारलं नाही.

साहेबांची माफी मागितली. ते घड्याळाला म्हणाले, "होतं असं." पंचावन्न जोड्या परत जातील, फोडलेल्या पाच नाही जाणार. निळे मागवू, माना मी आधीच बांधून देईन — दोऱ्याने घट्ट वेटोळी घालून, वर डिंक. साठही बांधीन.

घरी आले. दिवे लावले. ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लावलं हो."

आणि हातातला डबा तसाच हातात राहिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर धीर झाला नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ते दीपगृहांचं पुस्तक वाचनालयातून आणलं. ह्यांना म्हटलं, "एक पान मोठ्याने वाचता का? मी इकडे बटणं लावते." चष्मा दिला, पुस्तक उशीवर टेकवलं, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून बसले.

वाचलं त्यांनी. अख्खं पान. मध्ये थांबत, घसा साफ करत, नेटाने. त्रेचाळीस वर्षांचा ओळखीचा आवाज — ऊबदार, भरदार.

एक वाक्य कळलं नाही. एकही.

सुई कुठे टोचली ते आता बघतेय, बोटावर.

मग "मोडशील" म्हणाले ते काय होतं? "शाबास" म्हणाले ते? मालिशवाल्यांना एवढं लांब काय सांगत होते, ज्याचं मी "हळू चोळा" करून टाकलं? आठ-नऊ आठवडे मी ह्यांच्या तोंडात माझेच शब्द घालतेय, आणि वर सगळ्या जगाला बहिरं म्हणतेय!

लेकीला फोन केला. वाटलं होतं, आता म्हणेल — सांगत नव्हते का. म्हणाली, "आई, रडू नकोस. उद्या अकरा वाजता या म्हणाल्यात त्या बाई. मी येते गाडी घेऊन."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

त्या बाई चांगल्या आहेत. आ-ई-ऊ पण करून घेतलं. ह्यांनी केलं, न लाजता. लाज माझी होती.

संध्याकाळी दिवे लावले. ह्यांनी विचारलं. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "मला कळलं नाही. पुन्हा सांगा."

भिंतीकडे वळले नाहीत. चांगल्या हाताने माझं मनगट धरलं, आणि पुन्हा सांगितलं. हळू. दार नाही. दाराचं काहीच नाही.

"अजून नाही कळलं," म्हटलं. "सांगा."