ऋतिकाच्या दाढांवरचा पिवळा लेप

अंधेरी, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना गंधालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि सासूशी ओरडून बोलणं मला बरं वाटत नाही, म्हणून लिहितेय. तुमची नात ऋतिका आता बरी आहे. पण दाढांना लेप लावला त्या दिवशी ऑफिसातून आले तेव्हा पोर चक्कर येऊन, ओकून ओकून पांढरीफटक पडली होती, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही गावी निघालात आणि मी तडक दातांच्या डॉक्टर शर्मिष्ठाबाईंकडे गेले. दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडचा लेप लावता की विष, असं भरल्या दवाखान्यात विचारलं. त्या म्हणाल्या, एवढ्याशा लेपाने चक्कर येत नाही, घरी आणखी काही पोटात गेलं का? मी म्हटलं, घरी आजी होती, ती डोळ्यांत तेल घालून सांभाळते.

पुढची वेळ रद्द केलीय. पण आई, माझा जीव थाऱ्यावर नाही. दुधाच्या दाढा किडून काढाव्या लागल्या, आता मागे कायमच्या फुटल्यात. त्या गेल्या की गेल्या. हे फ्लोराइड-बिराइड नको म्हणत होतात, तुमचंच खरं झालं बहुतेक. त्या दिवशी तिने काय खाल्लं, तेवढं आठवून कळवा. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची गंधाली

पिंगुळी, १२ फेब्रुवारी

चि. सौ. गंधालीस अनेक आशीर्वाद.

सासूचं खरं झालं असं सून लिहून देते, ह्यां तर भिंतीर लावूक व्हया!

तिने वावगं काही खाल्लं नाही. मऊ भात आणि कुळथाची पिठी, तीही निववून. कडक नको, गरम नको, दिवसभर ब्रश नको, असं तू बजावलं होतंस. ब्रशला मी हात लावला नाही, देवाशप्पथ. पण दाढा हळदीसारख्या पिवळ्या, जिभेला चिकट लागतं म्हणून पोर रडत होती. नुसती बघत बसू? माझ्या डबीतली मिश्री बोटावर घेतली आणि घासून घासून सगळं काढलं. थोडी गिळली तिने, पण विष तेवढं तरी निघालं. नाहीतर काय झालं असतं, रवळनाथाक ठाऊक. मे महिन्यात तिला इकडे धाड, वाट बघते.

तुझी सासू, कुंदा

अंधेरी, १९ फेब्रुवारी

ती. आईंना नमस्कार.

पुढचं वि. वि. लिहायला हात उठत नाही. आई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू! सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात तंबाखू! चक्कर त्याने, ओकारी त्याने. ऋतिकाला विचारलं तर म्हणते, आजीने दात घासून दिले. मी ते कधी विचारलंच नव्हतं.

आणि त्या बिचाऱ्या बाईंना चारचौघांत वाट्टेल ते बोलून आले. परत गेले, फक्त पाय धरायचे बाकी ठेवले. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. म्हणाल्या, दाढेच्या खाचेत काळं दिसायला लागलंय, लेप लगेच लावू. पण ऋतिका खुर्चीवर बसेना. तोंड घट्ट मिटून घेतलं, मी धरायला गेले तर चावली. लेप लावला की मरायला होतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मीच तिच्यादेखत तसं बोलले होते. माझी तर वाटच लागलीय.

देवेश म्हणतो, आईला लिहू नकोस, ती मनाला लावून घेईल. लावून घ्या. मी चिडलेय तुमच्यावर, खूप चिडलेय. मे महिन्यात मी तिला पाठवणार नाही.

गंधाली

पिंगुळी, २५ फेब्रुवारी

चि. सौ. गंधालीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. मिश्री तंबाखूची हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? तव्यावर मीच भाजते. पण मला ती कधी तंबाखू वाटलीच नाही गं. आमच्यात सकाळी उठून लावायची ती पूड. चुकलंय माझं. पोरीच्या जिवावर बेतलं असतं.

मेचं राहू दे, मीच येते. शेजारचा चंद्रप्रकाश तिकीट काढतोय. डॉक्टरीणबाईंना काय झालं ते मी सांगेन, तू पुन्हा माफी मागू नकोस. ऋतिकाला सांग, आधी आजी त्या खुर्चीवर बसणार, आ करणार, मग तिची पाळी. आजी करते ते ती करते.

एवढं तुला एकटीला लिहिते. माझ्या गालात आतून, मिश्री लावते तिथेच, पांढरा चट्टा आलाय, बरेच दिवस झाले. तिखट लागलं की झोंबतो. कोणाला दाखवला नाही. बाई बघून काय म्हणतील, या विचाराने धडकी भरलीय. देवेशला सांग हवं तर, पण पोरीपुढे अवाक्षर काढू नकोस. मी घाबरलेली दिसले, तर ती तोंड उघडायची नाही.

राग असू दे, पण स्टेशनावर घ्यायला तूच ये.

तुझी सासू, कुंदा